दोघींत एक

कुर्त्याच्या काखेखाली, शिवणीपासून दोन बोटं अंतरावर, बारीक गोळे आले होते. मी भिंग डोळ्याला लावून त्यातला एक गोळा बघत होते. सुती कापडावरही असे गोळे येतात, पण सुताचा तंतू कमकुवत असतो. काही धुण्यांनंतर गोळा आपोआप तुटून पडतो. या गोळ्याला पॉलिएस्टरच्या तीन-चार लांब तंतूंनी धरून ठेवलं होतं. ते काचेसारखे गुळगुळीत होते आणि तुटण्याची काही चिन्हं नव्हती. म्हणजे कुर्ता जुना दिसत होता तो झिजल्यामुळे नव्हे, झिजलेलं गळून पडत नव्हतं म्हणून.

"काय सापडलं?" यशोधनने, माझ्या नवऱ्याने, दारातून विचारलं. "जंतू की जिवाणू?"

"गोळे."

"रविवारी सकाळी लोक मिसळ खायला जातात. आमच्याकडे कुर्त्याची चिरफाड."

"तुझाही शर्ट आण. बघते."

"नको बाई. माझे शर्ट सुखाने मरू देत." तो चहाचा कप घेऊन गच्चीवर निघून गेला.

पलंगावर माझे सगळे कपडे पसरले होते. मी दिंडोरी रोडवरच्या एका प्रयोगशाळेत काम करते. निर्यातीच्या द्राक्षांवर फवाऱ्याचा अंश किती उरला आहे, ते आम्ही तपासतो. दिवसभर डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी मोजायची सवय, पण स्वतःच्या कपाटात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. गेल्या जानेवारीत कपाटाचं दार लागेना, तेव्हा मी फोनमध्ये नोंद सुरू केली: काय घेतलं, कशाचं आहे, कितीदा घातलं. वर्षभरात थोडंच घ्यायचं आणि घ्यायचं ते चांगलं, असं ठरवलं होतं. डिसेंबर आला होता आणि नोंदीत दोनच ओळी होत्या. एक सुती सलवार-कमीज, एक लोकरी स्वेटर. दोन्ही मी इतक्यांदा घातले होते की प्रयोगशाळेतल्या मुली मला त्यांच्यावरूनच लांबून ओळखायच्या.

आई आत आल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, लतिका. त्यांच्या बोटांना भस्म लागलं होतं आणि पदराला कापूस चिकटला होता. वर बसून त्या पूजेत देवाला वाहतात ती कापसाची वस्त्रं करत होत्या. आमच्या घरात ती वर्षभर लागतात.

त्यांनी पलंगाकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या फोनकडे. "माझ्याही साड्या नोंदव की त्यात."

"नोंदवते. किती आहेत?"

"शून्य."

मी भिंग खाली ठेवलं.

"विकत घेतलेल्यांची नोंद आहे ना ती? मग शून्य." त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, वर्गात पटावरचा आकडा सांगावा तशा. मे महिन्यापर्यंत त्या मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत होत्या.

"लग्नातली?"

"ती माहेरच्यांनी घेतली. शालू सासरच्यांनी. तुझ्या लग्नात नेसले ती तुझ्या आईने आहेर केलेली. एरवी सगळ्या वरच्या."

वरची म्हणजे वरच्या खोलीतली. आमचं घर पंचवटीत आहे आणि बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या घराण्यात यात्रेकरूंचं पौरोहित्य आहे. रामकुंडावर विधी झाला की यजमान दान द्यायला घरी येतात. पुरुषाचं श्राद्ध असेल तर धोतर. नवऱ्याआधी, अहेव गेलेल्या बाईचं असेल तर साडी, आणि ती घरच्या सवाष्णीला. गेली छत्तीस-सदतीस वर्षं ती सवाष्ण आईच होत्या. यजमान बहुतेक वेळा साडी इथेच गल्लीत घेतात. दुकानदार त्यांना आधी एकच प्रश्न विचारतो: "नेसायची दाखवू की द्यायची?" द्यायच्या साड्यांचा गठ्ठा वेगळा असतो. रंग झगझगीत, पोत असा की मागे हात धरला तर बोटं मोजता येतील. या साड्या कुणी नेसेल असं घेणाऱ्याला वाटत नाही, विकणाऱ्याला तर नाहीच. आई नेसत होत्या.

"चल, तुला दाखवते," त्या म्हणाल्या. "खरं तर पसारा वरच आहे."

लग्नाला चार वर्षं झाली, पण त्या खोलीत मी कधी नीट पाऊल ठेवलं नव्हतं. दार उघडल्यावर आधी वास आला, नव्या प्लास्टिकचा आणि डांबराच्या गोळ्यांचा. मग आईंनी दिवा लावला. तिन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत साड्या होत्या, पारदर्शक पिशव्यांमधल्या, घडीवर घडी. पिशव्यांवरून प्रकाश घसरत होता. मला वाटलं, यातल्या प्रत्येक साडीवर एकदा तरी कुणीतरी हात ठेवला आहे आणि बाबांनी एका गेलेल्या बाईचं नाव उच्चारलं आहे, गोत्रासकट. इतकी नावं. ती इथे, या घड्यांच्या मधे, गप्प बसून होती.

"या सगळ्या तुम्ही नेसायच्या?" मी विचारलं.

"कशा नेसणार? दर तीन-चार महिन्यांनी दुकानातला माणूस येऊन गठ्ठे परत नेतो. ज्या बऱ्या वाटतात त्या मी ठेवून घेते. शाळेत म्हणायच्या, लतिकाबाईंचं बरं आहे, रोज नवी साडी. खोटं नव्हतं ते. जुनी व्हायला कुठली टिकते?"

त्यांनी खालच्या फळीवरून एक साडी काढली, मोरपंखी रंगाची, आणि पिशवीतून बाहेर काढून तिचं टोक माझ्या हातात दिलं. कोपऱ्याशी आतल्या बाजूला निळ्या दोऱ्याचा एक टाका होता. नीट बघितला नसता तर दिसलाही नसता.

"हा मी घातलेला," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी. ही साडी धुळ्याच्या यजमानांनी दिली होती. मला उगाच वाटलं, बघू या ही कुठे जाते. टाका घातला आणि गठ्ठ्यात दिली. दिवाळीनंतर संगमनेरचे यजमान आले. त्यांनी पिशवी माझ्या ओटीत घातली, आणि मी कोपरा चाचपला."

"तीच?"

"तीच. आम्ही मुलींना नांदूर मध्यमेश्वरला न्यायचो ना, पक्षी बघायला. एकदा एका बदकाच्या पायात कडी दिसली. कुणीतरी कुठल्यातरी देशात घातलेली, आणि ते उडून आमच्या समोर येऊन बसलेलं. मुली नाचायला लागल्या. मलाही तसंच झालं. फक्त समोर यजमान होते, म्हणून नाचता आलं नाही."

त्या हसल्या. मी तो टाका पुन्हा चाचपून बघितला. दोन वेगळ्या घरांतल्या दोन बायका, ज्यांनी एकमेकींना कधी पाहिलं नसेल, त्यांच्या नावाने एकच कापड दिलं गेलं होतं, आणि ते फक्त या एका बाईला माहीत होतं.

"बाबांना सांगितलंत?"

"काय सांगू? त्यांचं त्यात काय चुकलं? लोक देतात, खोलीत मावत नाही, म्हणून परत जातं. सगळ्या गल्लीत असंच आहे." त्यांनी साडीची घडी घातली. "मी लग्न होऊन आले, नोकरी लागली, आणि पहिल्या पगाराला म्हटलं, एक साडी घेऊन येते. सासूबाई म्हणाल्या, घरात इतकं कापड असताना बाजारात गेलीस तर देणाऱ्याला काय वाटेल? त्यांचंही खरंच होतं. म्हटलं, बघू पुढे."

हे 'बघू' मला चांगलं माहीत होतं. निवृत्तीनंतर मी त्यांना गंगापूर रोडवरच्या एका हातमागाच्या दुकानात नेलं होतं. ज्योत्स्ना नावाची माझ्याच वयाची मुलगी ते चालवते. आईंनी तिथे एकही साडी उलगडायला सांगितली नाही. त्या फळ्यांसमोरून चालत गेल्या आणि एका साडीपाशी थांबल्या. मातकट रंगाची, नांगरलेल्या जमिनीसारखी, बारीक काळ्या काठाची सुती साडी. त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. त्या क्षणी त्यांचा चेहरा पाहून मला समजलं की ही निवड आत्ता झालेली नाही. ही साडी त्यांच्या मनात फार वर्षं विणून तयार होती, दुकानात ती फक्त सापडली होती.

"घ्यायची ना?" मी विचारलं होतं.

"बघू," आई म्हणाल्या होत्या, आणि आम्ही बाहेर पडलो होतो. पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ज्योत्स्नाने आम्हाला पायरीवरच सांगितलं, "काकू, तुमची बाजूला काढून ठेवलीये. घ्या न घ्या, बघून तर जा." आईंनी बघितली आणि ठेवली. घरी येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "कुणी विचारलं, ही कुणी दिली, तर काय सांगायचं?" मला वाटलं त्या थट्टा करत आहेत. नंतर लक्षात आलं, त्यांना खरंच उत्तर सुचत नव्हतं.

खालून बाबांची हाक आली. रामकुंडावरून यजमान आले होते.

ओसरीवर एक तिशीचा माणूस बसला होता, डोकं नुकतंच भादरलेलं. त्याच्या शेजारी साठीच्या पुढची एक बाई, मांडीवर पंच्यात बांधलेलं गाठोडं घेऊन. बाबा पाटावर बसले होते. मी पाणी दिलं. हिरामण त्याचं नाव, आईचं वर्षश्राद्ध करायला कळवणकडून आला होता. बरोबरची कमळाबाई त्याची चुलती, त्याच्या आईची थोरली जाऊ.

"आता साडीचं दान राहिलं," बाबा म्हणाले. "आणलीत का?"

"गुरुजी, आता घेऊन येतो दुकानातून," हिरामण उठायला लागला. "मी म्हनलो हिला, सगळे इथंच घेत्यात."

"बस खाली," कमळाबाई म्हणाल्या. "आणली हाय."

त्यांनी गाठ सोडली. आत नऊवारी लुगडं होतं. पिकलेल्या जांभळाचा रंग, घडीच्या कडांवर थोडा उतरलेला. सोबत वाळलेला कडुलिंबाचा पाला होता. कमळाबाईंनी लुगडं उचलून पाटाजवळ ठेवलं तेव्हा त्याचा आवाज झाला, जड सुती कापडाचा मऊ, भरीव आवाज. त्या घरात दिवसाला कितीतरी साड्या खाली ठेवल्या जातात, पण तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. दारात उभ्या असलेल्या आईंनीही ऐकला असावा. त्या एक पाऊल पुढे आल्या.

बाबांनी वाकून बघितलं. "बाई, हे नेसलेलं आहे का?"

"हाय ना. लग्नाला, जत्रंला, समद्या कार्यांना. दोघींनी."

"दोघींनी?"

"आमच्या दोघींत एकच चांगलं लुगडं व्हतं, गुरुजी. मी अन् सविता दिंडोरीला द्राक्षाच्या छाटणीला जायचो. एका साली दोघींचं मिळून थोडं उरलं. गेलो बाजारात. दुकानदार म्हनं, बाई, एवढ्यात दोघींना दोन येतील. मी घेतच व्हते. सविता म्हनली, नाय. दोन घेतली तं दोन सालांत चिंध्या. एकच घेऊ, पन आसं घेऊ का हात लावला तं मानसानं गप बसावं."

आई आणखी एक पाऊल पुढे आल्या. मीही.

"मग भांडणं नाही झाली?" आईंनी विचारलं. यजमान असताना त्या सहसा मधे बोलत नाहीत.

"नाय कशी? पयल्याच लग्नाला झालं. ती म्हनं मी नेसनार, मी म्हनं मी थोरली. दोन दीस बोललो नाय. मंग तिनंच हिकमत काढली. नेसून आलं का काठाला आतून एक टाका घालायचा. तिचा पांढरा, माझा काळा. जिचा शेवटचा, तिनं दुसरीला द्यायचं. हे बघा ना."

त्यांनी काठ उलटा केला. मी जमिनीवर बसून जवळून बघितलं. काठाच्या आतल्या कडेला टाक्यांची एक ओळ होती, मुंगीच्या वाटेसारखी, लुगड्याच्या लांबीबरोबर पुढे पुढे जाणारी. पांढरा, काळा, पांढरा, काळा. मला मोजायचा मोह झाला आणि मी तो आवरला. मी वर्षभर फोनमध्ये जे करत होते ते या दोघींनी सुईने केलं होतं, आणि माझ्या नोंदीत एकाच बाईचं नाव होतं.

"इथे दोन पांढरे लागून आहेत," मी म्हणाले.

"माझं बाळंतपन व्हतं तवा."

"आणि इथे तीन काळे?"

"रुसली व्हती माझ्यावर. म्हनली, नेस तूच, मिरव." कमळाबाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. "तीन लग्नं अशीच बसली चुलीपुढं. चौथ्याला मीच जाऊन नेसवली तिला. हातपाय धरून."

"मोठी आई, बास ना," हिरामण म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

ओळ पदराकडे जाता जाता संपत होती. शेवटचा टाका पांढरा होता. त्यापुढे कोरा काठ.

"ह्यो तिचा शेवटचा," कमळाबाई म्हणाल्या. "पाळी माझी हाय. सालभर कपाटात हाय, पन हात जाईना. म्हनून आणलं. अर्धं तिचं हाय, गुरुजी. तिचं तिला पोचवा."

बाबांनी उलटलेला काठ सरळ केला. ते कठोर नाहीत. यजमान दूरवरून आले असतील तर त्यांना जेवल्याशिवाय सोडत नाहीत. पण विधीच्या बाबतीत ते लहानपणी शिकले तसेच चालतात.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तुमचा भाव मला कळतो. पण दानाला वस्त्र कोरं लागतं. नेसलेलं चालत नाही. असं करू, वर आमच्याकडे नव्या साड्या आहेत. त्यातली एक घ्या, हात लावा, मी संकल्प सोडतो. वेगळं काही द्यायला नको."

"ती कुनाची?"

"कुणाची नाही. नवी आहे."

"नवी हाय, ते समजलं. पन कुनाची?" कमळाबाईंच्या आवाजात वाद नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "सविताला ती वळखू कशी यायची?"

गल्लीतून सायकलवर भाजीवाला ओरडत गेला. बाबांनी सवयीने मागे न बघता म्हटलं, "लतिका, वरून एक आण."

आई जिना चढून गेल्या. वरच्या दाराची कडी वाजली. मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. त्या खोलीच्या मध्यभागी उभ्या असणार, हे मला खालून दिसत होतं. मी त्या जागी उभी राहिले होते, त्याला अजून तास झाला नव्हता. मला वाटलं आता त्या त्यातल्या त्यात बरी एक निवडतील, नेहमीसारखी.

त्या खाली आल्या तेव्हा हातात साडी नव्हती. कापसाची परडी होती.

"साडी?" बाबांनी विचारलं.

"वरची नको," आई म्हणाल्या. "अहो, वस्त्र नसेल तर काय चालतं?"

"नसेल तर कापसाचं. पण वर आहेत ना इतक्या."

"त्यातली एक तरी सविताबाईंना ओळखू येईल का?"

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. असं यजमानांसमोर, ओसरीवर उभं राहून, आई त्यांच्याशी कधी बोलल्या नसाव्यात. त्या शांत होत्या. मी त्यांना शाळेत शिकवताना पाहिलेलं नाही, पण त्या क्षणी पाहिलं असं वाटलं.

"सकाळी पिंडावर वस्त्र म्हणून तुम्ही काय ठेवलंत?" त्यांनी विचारलं.

"सूत," बाबा म्हणाले. आणि थांबले. पुन्हा एकदा, जरा वेगळ्या आवाजात म्हणाले, "सूतच ठेवलं." त्यांनी उपरण्याने कपाळ पुसलं. "चालेल. बाईंच्या हाताने होऊ दे."

आई कमळाबाईंच्या समोर मांडी घालून बसल्या. कापसाचा पेळू घेतला, बोटं भस्मात टेकवली आणि कापूस ओढून पीळ कसा द्यायचा ते दाखवलं. जरा ओढायचं, जरा पिळायचं, मधे फुगीर ठेवायचं. कमळाबाईंची बोटं छाटणीच्या कात्रीने जाड झालेली होती. पहिला पीळ तुटला. दुसरा तुटला.

"लय नाजूक काम हाय," त्या पुटपुटल्या.

"दाबू नका. येतं."

तिसऱ्यांदा आलं. कापूस त्यांच्या बोटांतून एका लांब दोऱ्यासारखा निघू लागला, मण्यामागून मणी. हिरामण डोळे मोठे करून बघत होता. मी भिंगातून तंतू पाहिले होते, त्याच सकाळी पाहिले होते. एकेक तंतू एवढासा, फुंकरीने उडेल असा, आणि केवळ एकमेकांना मिठी मारून ते वस्त्र होतात. हे मला शिकवलेलं होतं. त्या दुपारी मी ते होताना पाहिलं.

वस्त्र पूर्ण झाल्यावर आईंनी कुंकवाची वाटी पुढे केली. देवाच्या वस्त्राला बोटं लावतात तशी लावायला.

कमळाबाईंनी मान हलवली. "नको. पांढरंच ऱ्हाऊ द्या. पांढरा सविताचा."

बाबांनी संकल्प सांगितला. सविताबाईंचं नाव त्यांनी एरवीपेक्षा सावकाश उच्चारलं. हिरामणने पाणी सोडलं, कमळाबाईंनी ते वस्त्र दोन्ही हातांनी आईंच्या ओंजळीत ठेवलं. वजन काहीच नव्हतं, तरी आईंचे हात किंचित खाली गेले.

जेवणं झाल्यावर कमळाबाईंनी लुगडं पुन्हा घडी करायला घेतलं. आईंनी दुसरं टोक धरलं. दोघी समोरासमोर उभ्या राहून कापड ताणत, जवळ येत, पुन्हा लांब जात घडी घालत होत्या.

"आता नेसा," आई म्हणाल्या. "पाळी तुमची आहे. नेसून आलात की काळा टाका घाला."

"अन् पुढची पाळी?"

"पुढचीही तुमचीच. सविताबाई रुसल्या होत्या तेव्हा तीन घातलेच होते ना?"

कमळाबाईंना हसू फुटलं आणि मग डोळे पुसावे लागले. घडी बांधून झाल्यावर त्यांनी आईंच्या पदराकडे बघितलं. त्या दिवशी आई पोपटी रंगाची एक चकचकीत साडी नेसल्या होत्या. पदर खांद्यावर ठरत नव्हता, पिनेने टोचलेला होता.

"बाई, तुमची कंची?"

"माझी?"

"तुमची म्हंजे तुम्ही घेतलेली. हात लावला का गप बसावं अशी."

आईंनी पदराची पिन चाचपली. "अजून घेतली नाही."

"अजून?" कमळाबाई म्हणाल्या. त्यांना हिणवायचं नव्हतं. त्यांना नुसतं आश्चर्य वाटलं, एवढी शिकलेली, नोकरी केलेली बाई. "सविता असती ना, तुमाला दंडाला धरून बाजारात नेलं असतं."

ते गेल्यावर आईंनी ते कापसाचं वस्त्र वरच्या खोलीत नेलं नाही. देवघरात, स्वतःच्या पोथीशेजारी ठेवलं.

संध्याकाळी थंडी पडली होती. घाटावरून आरतीच्या घंटांचा आवाज येत होता. बाबा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते, यशोधन पायरीवर फोन बघत होता. मी माझे कपडे घडी करून आत ठेवत होते. काखेखाली गोळे आलेला कुर्ता मी ठेवून घेतला होता. त्याचे मी पैसे दिले होते, मीच तो निवडला होता. तो पुरा झिजेपर्यंत घालायला हवा होता.

आई वाळत घातलेली पोपटी साडी काढून घेऊन आल्या. जेवणानंतर भिजवलेली, तीही इतक्यात वाळली होती. त्या दारात थांबल्या. साडीचा बोळा त्यांच्या एका मुठीत मावला होता.

"अहो," त्या म्हणाल्या. "उद्या मी गंगापूर रोडला जाणार आहे. एक साडी घ्यायची आहे."

यशोधनने फोनमधून मान वर केली. मी हातातली घडी तशीच धरून उभी राहिले.

अडकित्ता थांबला नाही. बाबांनी आयुष्यभर जो प्रश्न गल्लीत ऐकला होता, तोच विचारला, काही मनात न ठेवता.

"नेसायची की द्यायची?"

"नेसायची," आई म्हणाल्या. "मी नेसणार आहे."